आजोबांना एक सुट्टी, बाबांना दीड, मला दोन. मग मीच सगळ्यात जास्त दमलेला का?

पाळीबदल

नमस्कार मंडळी. गेले काही महिने हे डोक्यात घोळतंय, जरा लांबण लागेल पण सांगतोच.

माझे आजोबा कारखान्यात फिटर होते. आठवड्याचे सहा दिवस, आठ तासांची पाळी, दर आठवड्याला पाळी बदलायची आणि रविवारी सुट्टी. बाबा ऑफिसात कारकून, त्यांना रविवार आणि शनिवारी हाफ डे. शनिवारी आम्ही शाळेतून आणि ते ऑफिसमधून साधारण एकाच वेळी घरी पोचायचो, ते अजून आठवतं. मी आयटीत, लागलो तेव्हापासून शनिवार रविवार दोन्ही मोकळे. म्हणजे कागदावर बघितलं तर दर पिढीला सुट्टी वाढतच गेलीय.

आता झालं असं की घर आवरताना आजोबांची एक जुनी वही सापडली. पाळ्यांची नोंद. कुठली पाळी, किती वाजता आत, किती वाजता बाहेर, खाडा असेल तर लाल पेन्सिलनं. ओव्हरटाइम झाला असेल तर तो पंधरा पंधरा मिनिटांच्या हिशोबानं लिहिलाय आणि पुढे दुप्पट दरानं किती मिळायला हवेत ते. एका रविवारच्या समोर लिहिलंय "माणूस आला होता, गेलो". आईला विचारलं तर म्हणाली, मशीन अडलं की कारखान्यातून सायकलवर माणूस यायचा बोलवायला. अख्ख्या वर्षात अशी नोंद दोनदा आहे. म्हणजे रविवारी घरून बोलावणं ही एवढी मोठी गोष्ट होती की ती वहीत लिहून ठेवावीशी वाटली.

मी मागच्या महिन्यात तशीच नोंद ठेवून बघितली. चार रविवारपैकी तीन रविवारी लॅपटॉप उघडला, एकदा तर फक्त "पाच मिनिटं बघतो" म्हणून उघडला आणि दीड तास गेला. शनिवारचं तर लिहीतच नाही. आणि ह्याची कुठेच नोंद नाही, ना कंपनीकडे ना पगारात, मी स्वतः लिहिली नसती तर मलाही आठवली नसती.

तर विचारायचं हे की आधीच्या पिढ्यांचा आठवडा नक्की कसा होता, ही शनिवार रविवारची जोडी आली कुठून, आणि तुमच्याकडे तीन पिढ्यांत काय बदललं? सुट्टी खरंच वाढलीय का? मला कुणाला दोष द्यायचा नाहीये, समजून घ्यायचंय.


जुनी_पानं

फार चांगला विषय काढलात. मला ह्या इतिहासाचं वेड आहे त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे दिवस, महिना, वर्ष हे आकाशात दिसतं, आठवडा कुठेच दिसत नाही. सात दिवसांचा हिशोब माणसानं ठरवला आणि तो इतका घट्ट बसला की मोडायला गेलेल्या सरकारांना शेवटी माघार घ्यावी लागली. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर १७९३ मध्ये दहा दिवसांचा आठवडा आणला, म्हणजे विश्रांती सातव्या दिवसाऐवजी दहाव्या दिवशी. लोकांना तो कधी मानवला नाही, आणि १८०६ उजाडताना ते कॅलेंडरच रद्द झालं. रशियात १९२९ पासून वेगळाच प्रयोग, कारखाने एक दिवसही बंद ठेवायचे नाहीत म्हणून पाच दिवसांचा आठवडा केला आणि कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येक गटाला एक रंग. चार दिवस काम, पाचव्या दिवशी सुट्टी. हिशोबानं बघा, सहा दिवसांनी एक सुट्टीपेक्षा ही सुट्टी जास्त मिळते. तरी लोक वैतागले, कारण नवऱ्याची सुट्टी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या आणि मित्राची तिसऱ्याच. सुट्टी मिळायची पण भेटायला कुणी नसायचं. १९३१ पासून त्यात बदल सुरू झाले आणि १९४० मध्ये सात दिवसांचा आठवडा नि रविवारची सुट्टी परत आली.

आता जोडीचं. इंग्लंडमध्ये कारखाने येण्याआधी विणकर, चांभार असे कारागीर आपापल्या घरात नगावर काम करायचे. शनिवारी पैसे मिळायचे, रविवार जायचा आणि सोमवारीही बरेच जण काम करायचे नाहीत, त्याला ते "सेंट मंडे" म्हणायचे, संत सोमवार. मग गुरुवार शुक्रवारी रात्र रात्र बसून काम पुरं करायचं. म्हणजे कामाचा वेग स्वतःच्या हातात होता. यंत्र आलं तसा हा सोमवार मालकांना परवडेना. सगळे एकाच वेळी हजर नसतील तर वाफेचं इंजिन चालवून काय उपयोग. १८५० च्या फॅक्टरी कायद्यानं कापड गिरण्यांतल्या बायका आणि लहान वयाच्या कामगारांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवलं, आणि त्यांच्याशिवाय गिरणी चालत नसल्यानं पुरुषही सुटले. मग इतर धंद्यांतही हळूहळू शनिवारची अर्धी सुट्टी द्यायची आणि बदल्यात सोमवारी सगळ्यांनी वेळेवर यायचं असं रुळत गेलं. तुमच्या बाबांच्या हाफ डेचा उगम हा आहे.

आणि पूर्ण शनिवार म्हटलं की हेन्री फोर्डचं नाव येतंच. १९२६ मध्ये त्यानं आपल्या कारखान्यांत पाच दिवसांचा आठवडा केला. त्याचं म्हणणं सरळ होतं, माणसाला वेळच नसेल तर तो गाडी घेऊन जाणार कुठे. अमेरिकेत १९३८ च्या कायद्यानं आधी आठवड्याला ४४ तास आणि १९४० पर्यंत टप्प्याटप्प्यानं ४० तास झाले, त्यापुढे दीडपट मजुरी.


भोंगा

जुनी_पानं, माहिती मस्तच पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहितोय, राग मानू नका. फोर्डनं सुट्टी दिली, कायद्यानं दिली असं वाचलं की वाटतं कुणीतरी वरून वाटली. त्याच्या आधी शंभर वर्षं लोक ह्यासाठी भांडत होते. आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास विश्रांती ही मागणी रॉबर्ट ओवेननं १८१७ च्या सुमारास मांडली. मेलबर्नच्या पाथरवटांनी १८५६ मध्ये हत्यारं खाली ठेवून मोर्चा काढला आणि आठ तास मिळवले, तेही पगार कमी न होता. शिकागोत १८८६ च्या मे महिन्यात ह्याच मागणीपायी माणसं मेली, फासावर गेली, म्हणून १ मे.

आणि आपण मराठीत हे बोलतोय आणि नारायण मेघाजी लोखंडे ह्यांचं नाव येत नाही हे मला बरं वाटत नाही. ते जोतिरावांच्या सत्यशोधक समाजातले, गिरणीत नोकरी केलेले, दीनबंधु पत्राचे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली. त्या वेळचा मुंबईचा गिरणी कामगार दिवस उजाडायला आत जायचा आणि मावळल्यावर बाहेर यायचा, उन्हाळ्यात तर तेरा चौदा तास भरायचे. ठरलेली आठवड्याची सुट्टी नाही. गिरणी बंद असली तरी यंत्रं पुसायला बोलवायचे त्यात अर्धा दिवस जायचा. १८८४ च्या मागणीपत्रावर साडेपाच हजारांच्या आसपास सह्या होत्या आणि मागण्या काय तर बघा, रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात, आणि कामावर जखमी झाला तर भरपाई. अर्धा तास बसायला मिळावं म्हणून सह्या गोळा कराव्या लागल्या, हे वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं.

पुढे सहा वर्षं हे चाललं. २४ एप्रिल १८९० ला दहा हजारांच्या आसपास कामगारांची सभा झाली, तिथे दोन बायकांनीही भाषणं केली. आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. आपल्याकडचा रविवार हा असा आलाय.

पण तिथेही गोष्ट संपत नाही बरं का. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे बसले आणि गिरणीतला दिवस मावळायचाच बंद झाला, काही ठिकाणी पंधरा तासांपर्यंत काम गेलं. म्हणजे रविवार मिळाला पण बाकीचे सहा दिवस वाढले. मग १९११ च्या कायद्यानं कापड गिरण्यांत पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा आली, १९२२ ला दिवसाला ११ आणि आठवड्याला ६०, १९३४ ला ५४. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये मजूर खात्याचे सदस्य असताना ५४ वरून ४८ करणारी दुरुस्ती त्यांनी मांडली, ती १९४६ ला झाली, आणि तेच ४८ तास १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात आले. पाळीबदल, तुमच्या आजोबांच्या वहीतला "दुप्पट दर" आहे ना, तो त्याच कायद्याच्या कलम ५९ मधला. ते हिशोब मांडत होते कारण त्यांना माहीत होतं की तो आपला हक्क आहे.

तुमच्या पोस्टमधलं मला सगळ्यात लागलेलं वाक्य म्हणजे "कुठेच नोंद नाही". विजेच्या दिव्यानं जे गिरणीचं केलं तेच फोननं ऑफिसचं केलंय. पूर्वी अंधार पडला की काम थांबायचं, दिवे आले. पूर्वी घरी गेलं की काम थांबायचं, फोन आला. दिवे आल्यावर तासांची मर्यादा कायद्यात यायला काही वर्षं लागली, आत्ताही आपण त्या मधल्या वर्षांत आहोत असं मला वाटतं. फ्रान्समध्ये २०१७ पासून पन्नासच्या वर माणसं असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर फोन ईमेलपासून मोकळं राहण्याच्या हक्कावर कामगारांशी बोलणी करावी लागतात, ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये तसा कायदा आला. म्हणजे सुरुवात झालीय.


वीकली_ऑफ_मंगळवार

मी हॉस्पिटलमध्ये नर्सिंग स्टाफ आहे, नवरा मॉलमध्ये सिक्युरिटीला. वरती रशियाचं वाचलं आणि दोनदा वाचलं. आमच्या घरात तेच चाललंय. माझा वीकली ऑफ फिरता, त्याचा मंगळवार, मुलीची शाळा शनिवार रविवार बंद. तिघं एका दिवशी घरात असा दिवस गेल्या तीन महिन्यांत दोनदा आला आणि त्यातला एक मी रजा टाकली म्हणून.

वीकेंड वीकेंड म्हणून जे बोलतात ना त्या वीकेंडला कुणीतरी कामावर असतं म्हणून तो होतो. बस चालवणारा, पंपावरचा, थिएटरमधला. माझ्या आईच्या वेळी रविवारी बरीच दुकानं बंद असायची, आता रविवारी जास्त माणसं लावतात. त्यामुळे सुट्टी वाढली का ह्याचं उत्तर तुम्ही काय काम करता ह्यावर आहे. माझी तक्रार तासांची नाहीये, ते ठरलेले आहेत. एकत्र नसतो ही आहे. बाकी सगळं सोसतं माणूस.


साठी_पार

नव्या पिढीनं जुन्या काळाला फार गोड समजू नये म्हणून लिहितो. मी स्वतः अडतीस वर्षं पाळीत काढली. आठवड्याला पाळी बदलली की झोपेचं पार वाटोळं होतं. रात्रपाळीहून सकाळी यायचं, डोळे जळजळायचे आणि घरात तर दिवस सुरू झालेला. रविवारी मी सुट्टीवर असायचो म्हणजे काय, तर झोपलेला असायचो. माझ्या धाकट्याला मी चालताना पहिल्यांदा बघितला तो पडद्यामागून, अर्धवट झोपेत, त्याची आई त्याला आवाज न करता टाळी वाजवून दाखवत होती.

हो, फाटकाबाहेर आलं की कुणी बोलवत नव्हतं हे खरं. पण फाटकाच्या आत काय होतं तेही लक्षात असू द्या. आवाजानं डावा कान गेला माझा. दोन मिनिटं उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचा पगार कापायचे. घरी कुणी आजारी असलं तर ते कळायलाच पाळी संपायची. तुम्ही लोक मुलाच्या शाळेत दुपारी जाऊन येता आणि मग रात्री काम भरून काढता, आम्हाला हे स्वप्नातही शक्य नव्हतं. मला विचाराल तर मी तुमची नोकरी घेतली असती, लॅपटॉपसकट.

पण एक मात्र सांगतो. आम्हाला कधी संपलं ते कळायचं. भोंगा व्हायचा. तुम्हाला कुणी वाजवून सांगत नाही, ते स्वतःला स्वतःच सांगावं लागतं, ते कठीण आहे.


दुसरी_पाळी

सगळं वाचलं. आजोबा, बाबा, फोर्ड, लोखंडे, सगळं. पाळीबदल, तुमच्या शीर्षकात आजी कुठेय?

भांडायला लिहीत नाहीये, मनापासून लिहितेय. माझ्या आजीच्या आठवड्यात वार नव्हते. आजोबांची पाळी बदलली की तिची बदलायची, पहाटेची असेल तर ती त्यांच्या आधी उठणार, रात्रीची असेल तर दिवसभर पोरांना दबक्या आवाजात सांभाळणार कारण ते झोपलेत. साठी_पार काका, तुमच्या त्या टाळीच्या गोष्टीनं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मला त्या चित्रात टाळी वाजवणारी दिसत राहिली. तिची कुठली पाळी होती? रविवारी आजोबांना सुट्टी म्हणजे आजीला उलट जास्त काम, सगळे घरी, सगळ्यांचं सगळं, पाहुणे आले तर त्यांचंही. आठवड्याची सगळी जड धुणी रविवारी, कारण पाणी भरायला आणि पिळायला तेव्हाच माणसं हाताशी.

आई नोकरी करायची. तिला बाबांसारखी ऑफिसची वेळ होती आणि आजीसारखं घर होतं. शनिवारचा हाफ डे बाबांना मोकळा वाटायचा, आईला तो "आता कामं उरकता येतील" असा वाटायचा. वॉशिंग मशीन आलं तेव्हा सगळे म्हणाले आता सुटलीस. झालं काय, आधी चादरी महिन्यातून एकदा धुवायच्या त्या दर आठवड्याला धुवायला लागलो. हात वाचले हे शंभर टक्के खरं आणि मी कधीच मशीनशिवायच्या दिवसांत परत जाणार नाही. पण वेळ वाचला तो दुसऱ्या कामानं लगेच भरला.

आकडा पण देते. भारताच्या सांख्यिकी खात्यानं २०१९ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली होती, त्यात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता आणि करणाऱ्या पुरुषांचा ९७. म्हणजे जवळपास पाच तास. ह्या पाच तासांना शनिवार रविवार नाही. आजोबांची वही होती, आजीची वही कुणी ठेवली?

एक गोष्ट मला फार आवडते ती सांगून थांबते. आइसलँडमध्ये २४ ऑक्टोबर १९७५ ला तिथल्या जवळपास ९० टक्के बायकांनी एक दिवस काम बंद ठेवलं, ऑफिसचं, कारखान्याचं आणि घरचंही. त्याला त्यांनी संप न म्हणता "बायकांची सुट्टी" म्हटलं. त्या दिवशी शाळा, बँका, टेलिफोन, सगळीकडे अडलं आणि बाप पोरांना घेऊन कामावर गेले. पुढच्याच वर्षी तिथे समानतेचा कायदा झाला. एका दिवसाच्या सुट्टीत लोकांना दिसलं की रोज किती काम होत होतं.


हिशोबी

भावना सगळ्यांच्या पटल्या, मी छोटं युनिट चालवतो, बावीस माणसं आहेत, त्यामुळे दुसऱ्या बाजूनं थोडं.

चार दिवसांचा आठवडा करा असं हल्ली सगळीकडे वाचतो. आइसलँडचंच नाव येतं, तिथे २०१५ ते २०१९ मध्ये साधारण अडीच हजार लोकांचे तास ४० वरून ३५-३६ वर आणले, पगार तोच, आणि काम अडलं नाही. ब्रिटनमध्ये २०२२ मध्ये ६१ कंपन्यांनी सहा महिने करून बघितलं, त्यातल्या ५६ नी पुढे चालू ठेवलं. चांगलंच आहे. पण त्या स्वतःहून तयार झालेल्या कंपन्या होत्या आणि त्यात ऑफिसचं काम करणाऱ्या बऱ्याच. ऑफिसात मीटिंगा कमी केल्या की तास कमी होतात. माझ्याकडे मशीन मिनिटाला जेवढे नग काढतं तेवढेच काढणार, माणूस खूश आहे म्हणून ते जास्त काढत नाही. आणि उलटंही चाललंय की, ग्रीसनं २०२४ मध्ये काही उद्योगांना सहा दिवसांचा आठवडा करायची मुभा दिली, सहाव्या दिवशी ४० टक्के जादा मजुरी देऊन.

बरं, शब्दांवरही जाऊ नका. बेल्जियमनं २०२२ मध्ये चार दिवसांचा हक्क दिला पण एकूण तास तेवढेच, म्हणजे रोज साडेनऊ तास. पाळीबदल, तुमच्या बाबांच्या ऑफिसात पाच दिवसांचा आठवडा झाला असता तर तिथेही रोजचा वेळ वाढला असताच. तेव्हा दिवस मोजण्यापेक्षा तास मोजा.

दुसऱ्या बाजूनं एवढं मी स्वतः मान्य करतो की माणूस दमला की खर्च माझाच होतो. रविवारी ओव्हरटाइमला बोलावलं की सोमवारी मालाची रिजेक्शन वाढते हे माझ्याच रजिस्टरमध्ये दिसतं. दोन वर्षांपूर्वी मी रविवारचं बोलावणं पूर्ण बंद केलं, ऑर्डरची तारीख चार दिवस पुढची घ्यायला लागलो, एक गिऱ्हाईक गेलं, बाकीचे राहिले. आमचे तास अजून ४८ च आहेत, तिथे मला मार्ग सापडलेला नाही.


जुनी_पानं

भोंगा, राग कसला, बरोबर बोललात, फोर्डला मी जरा जास्तच श्रेय दिलं. तुमच्या ६० तासांना एक जोड देतो. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा पहिलाच करार झाला तो कामाच्या तासांवर, दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८. पण त्यात ब्रिटिश इंडियासाठी वेगळं कलम घातलं, इथे ६० तास चालतील. तेच १९२२ च्या कायद्यात आलं. म्हणजे जगानं ४८ मान्य केल्यावर आपल्याकडे ते यायला आणखी सत्तावीस वर्षं लागली.

हिशोबी, तास मोजा हे पटलं. जागतिक आरोग्य संघटना आणि त्याच कामगार संघटनेनं २०२१ मध्ये मिळून अभ्यास केला होता, त्यात आठवड्याला ५५ तासांच्या वर काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका साधारण ३५ टक्क्यांनी जास्त निघाला. मर्यादा ४८ ला का आणि ५५ च्या पुढे काय होतं ह्याला शरीराचंही कारण आहे.

आणि अजून एक, केन्स नावाचा अर्थशास्त्रज्ञ १९३० मध्ये म्हणाला होता की शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला १५ तास काम पुरेल. ते शंभर वर्षं भरायला फार दिवस राहिले नाहीत. उत्पादन वाढेल हा त्याचा अंदाज चुकला नाही, पण वाढलेलं उत्पादन वेळात बदलून घ्यायचं की वस्तूंत, ह्यात आपण वस्तू निवडल्या, किंवा आपल्यासाठी निवडल्या गेल्या. दुसरी_पाळी ह्यांच्या चादरी हे त्याचंच घरातलं उदाहरण आहे, ते वाचल्यावर मला हे नीट कळलं.


पुठ्ठ्याची_शाळा

छोटीशी भर. जर्मनीत १९५६ च्या कामगार दिनाला तिथल्या कामगार संघटनेनं एक पोस्टर काढलं होतं, त्यावर लहान मुलाचं चित्र आणि ओळ, अर्थ असा की "शनिवारी बाबा माझे असतात". पाच दिवसांच्या आठवड्याची मोहीम होती ती. मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवते, दर वर्षी हे सांगते. मागच्या वर्षी वर्गातल्या एकीनं विचारलं, बाई, बाबा घरी असतील पण फोनवर असतील तर ते कुणाचे? मला उत्तर देता आलं नाही.


पाळीबदल

सगळ्यांचे आभार. चार दिवस काही लिहिलं नाही कारण दुसरी_पाळी ताईंचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. वही परत काढली. आजीचं नाव पूर्ण वहीत एकदाच आहे, ज्या दिवशी आजोबांचा खाडा झाला त्या दिवसापुढे, "हिला ताप". बस्स. म्हणजे तिचं काम वहीत तेव्हाच दिसलं जेव्हा ते बंद पडलं.

साठी_पार काका, तुम्ही म्हणालात ते खरंय, मी आजोबांचा रविवार बघत होतो, त्यांची रात्रपाळी नाही. आईला विचारलं तर तिनंही सांगितलं की ते रविवारी बहुतेक झोपलेलेच असायचे.

ऑफिसात एक करून बघितलं. टीम लीडशी बोललो, तक्रार म्हणून नाही, सरळ महिन्याची नोंद दाखवली, रविवारचे एकूण सात तास. तो बघत राहिला. म्हणाला, हे सगळं मी मागितलेलं नाहीये, अर्ध्या गोष्टी सोमवारी चालल्या असत्या. आणि खरंच, तीनपैकी दोन रविवारी कुणी बोलावलं नव्हतं, मेसेज दिसला म्हणून मीच उघडलं होतं. आता ठरलंय की रविवारी खरंच अडलं तर फोन करायचा, मेसेज टाकायचा नाही. फोन आला तर मी जाणार आणि लिहून ठेवणार. सायकलवरच्या माणसासारखं. दोन आठवडे झाले, एकही फोन आलेला नाही.

आणि नवी वही केलीय, त्यात दोन रकाने आखलेत, एक माझा, एक बायकोचा. आधी ती नको म्हणाली, कशाला उगाच, मग लिहायला बसली. काल पहिला रविवार. माझ्या रकान्यात तीन ओळी झाल्या. तिच्या रकान्यात रात्री झोपताना चौदा होत्या, आणि पान संपलं म्हणून शेवटची तिनं माझ्या रकान्यात लिहिली.